दोनशे पन्नास मिलिमीटर

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुरियरवाला दारात आला, तेव्हा टिटवीने त्याच्या हातातून खोकं घेतलं नाही, हिसकावलं. टिटवी हे नाव बाबांनी ठेवलेलं, तिच्या काटकुळ्या पायांवरून. पण त्याच पायांनी मागच्या वर्षी तीन हजार मीटरमध्ये सगळ्या शाळेला पाणी पाजलं होतं, त्यामुळे हल्ली ती ते नाव मिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निवड चाचणी होती. पहिल्या तिघी निवासी क्रीडाशाळेत जाणार, बाकीच्या घरी. पुढच्या वर्षी टिटवीचं वय त्यात बसत नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते उद्याच.

आणि सगळं अडलं होतं एका बुटावर. वर्षापूर्वी तिच्या उजव्या पायाच्या बोटांमागचं एक बारीक हाड चिरलं होतं. ते सांधलं खरं, पण तेव्हापासून कुठलाही बूट घालून पळालं की दुसऱ्या फेरीला तिथे कुणीतरी खिळा ठोकायला बसायचं. फक्त एकाच बुटात ते गप्प राहायचं. पुढून कडक, नाकाशी वर वळलेला, टाचेखाली गादीसारखा बूट. ती जोडी मॅडमनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षिकेने, एका जुन्या विद्यार्थिनीकडून आणून दिली होती. आता त्या जोडीचा बाहेरचा तळ झिजून कागदासारखा झाला होता, आणि कंपनीने तो बूट बनवणंच बंद केलं होतं.

"ताई, हा नाही येत आता," प्रत्येक दुकानदार म्हणायचा. "हा जांभळा बघा ना, काय दिसतोय."

जांभळा रंग बघून हाड थोडंच ऐकणार होतं.

मग टिटवीने फोनवर समुद्रापलीकडची दुकानं पालथी घातली. एक दुकान म्हणे तुमच्याकडे माल पाठवत नाही. दुसऱ्याकडे फक्त पुरुषांचा अकरा नंबर, ज्यात बसून ती तलाव पार करू शकली असती. तिसरं, पृथ्वीच्या पार पाठीमागचं, त्यांच्याकडे शेवटच्या तीन जोड्या. दर देशाचा नंबर निराळा, म्हणून त्यांनी सरळ पायाची लांबी मिलिमीटरमध्ये विचारली. जुन्या बुटाच्या जिभेवरचा आकडा घामाने केव्हाच पुसला होता. पण मापाची अडचण निदान त्यांच्या घरात तरी कसली? आई शाळेचे गणवेश शिवायची. पाय कागदावर, पेन्सिलची खूण, वर टेप. "दोनशे पन्नास," आई म्हणाली आणि बत्तीस पिनोफोर फ्रॉकांच्या ढिगाकडे वळली. टिटवीने दोनशे पन्नास लिहिलं.

त्यानंतर एकवीस दिवस फोनच्या पडद्यावर एकच ओळ होती, पार्सल तपासणीत आहे. गणिताच्या तासाला बाकाखाली बघितलं तरी तीच, जेवताना बघितलं तरी तीच. तिने कुरियर कंपनीला चार पत्रं पाठवली. उत्तर आलं, आपला संयम आम्हाला मोलाचा वाटतो. नसलेल्या वस्तूचं मोल ते कशावरून करत होते कोण जाणे. बस चालवून घरी आलेले बाबा म्हणायचे, "तू पळत जाऊन आणले असतेस तर एव्हाना दोन खेपा झाल्या असत्या." पहिल्यांदा ती हसली होती. नंतर नंतर तिला त्या वाक्याला रडू यायला लागलं.

आणि आता खोकं उघडलं होतं. तोच बूट, कोरा करकरीत, नाक वर केलेला. टिटवीने लेस बांधल्या, उभी राहिली, एक पाऊल टाकलं. बूट जमिनीवरच राहिला आणि टाच वर आली.

तिने लेस सोडल्या, पुन्हा आवळून बांधल्या. पुन्हा तेच. टाचेमागे तिचं अख्खं बोट गेलं, हललं आणि बाहेर आलं.

"आई."

"झालं का? बघू दे मला," आई तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली.

"मोठे आहेत."

"छे, माप तर मी घेतलंय."

"मग पुन्हा घे."

आईने टेप लावली. तिचा अंगठा टेपवर थांबला.

"किती?"

"दोनशे अडतीस," आई हळूच म्हणाली.

"मग तेव्हा दोनशे पन्नास कसं?"

"अगं, मुलांचं माप मी नेमकं घेतच नाही कधी. सहा महिन्यांत आया परत येतात, आखूड झालं म्हणून. हात आपोआप अर्धा इंच वाढीव धरतो. मला कळलंसुद्धा नाही, बाई."

टिटवीने फोन उचलला. दुकानाच्या पानावर त्या बुटाच्या चित्रावर राखाडी पट्टी होती, संपले. असते तरी काय, आणखी एकवीस दिवस.

"पहिलीपासून हेच," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "माझा स्कर्ट गुडघ्याखाली, बाह्या कोपराखाली. मी वाढेन, मग बसेल. आई, तू मला माझ्या मापाचं कधी काही घातलंच नाहीस. आणि मला उद्या पळायचंय, मोठी झाल्यावर नाही."

ती आत जाऊन पलंगावर पालथी पडली. बाहेर मशीन सुरू होण्याची ती वाट बघत होती. सुरू झालं की आईला काहीच वाटलेलं नाही असं ठरवून मनसोक्त रागावता आलं असतं. पण मशीन गप्प होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग कपाटाचा खालचा खण ओढल्याचा आवाज आला.

"टिटे, जरा इकडे ये."

टेबलावर दिव्याखाली जुने बूट, नवे बूट, दाभण, जाड दोरा आणि एका कोटातून उसवून काढलेले खांद्यांचे दोन पॅड मांडले होते.

"टाचेमागे हे बसवते," आई म्हणाली. "खाली तुझ्या जुन्या बुटातला आतला तळवा घालते, त्याला तुझ्या पायाचा आकार आलाय. पण टाके बुटाच्या अस्तरात घालावे लागतील. एकदा भोक पडलं की दुकानवाले परत घ्यायचे नाहीत. तू म्हणशील तसं."

"तू कधी बूट शिवलायस?"

"नाही."

टिटवीने नव्या बुटाकडे पाहिलं. एकवीस दिवस तिने त्याची वाट पाहिली होती. एक टाका चुकला की तोही गेला.

"घाल," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघत बसली.

आईने एरवी कुणाचं घेतलं नसेल असं माप घेतलं. तीन वेळा टेप, खडूची खूण, पुन्हा टेप. पहिला टाका ती घालायला गेली तेव्हा दाभण तिच्याच बोटात शिरलं. "माझंच बोट आहे, बुटाला काही नाही," ती लगेच म्हणाली. टिटवीला हसू आलं, आणि रागही आला की हसू आलं. बाबा कामावरून आले, टेबलाकडे बघितलं आणि दिवा आईच्या हाताजवळ सरकवून आत गेले.

जेवणाच्या वेळेपर्यंत दोन्ही बूट झाले. टिटवी जिन्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत पळून आली. टाच जागची हलली नाही.

"किती टिकेल?"

"साडेसात फेऱ्या टिकलं तरी मला चालेल," आई म्हणाली.

सकाळी चाचणीत सहा फेऱ्या टाके टिकले. सातव्या फेरीला वळणावर डाव्या टाचेमागचा टाका सुटल्याचं टिटवीला स्पष्ट जाणवलं. पॅड वर सरकलं, टाच घासायला लागली, मग भाजायला लागली. ती तिसरी होती आणि चौथीचा श्वास तिला मानेवर ऐकू येत होता. तिने मनातल्या मनात उजव्या पायाला विचारलं, तुझं काय? उजवा गप्प होता. हाड गप्प होतं. मग डावीकडच्या कातडीचं काय व्हायचं ते होऊ दे, म्हणत तिने शेवटचे दोनशे मीटर दात आवळून काढले. रेषेवर चौथीचा खांदा तिच्या खांद्याशी आला होता, पण तिची छाती पुढे होती.

मॅडमनी दोनदा घड्याळात पाहिलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "तिसरी. बस आता, तो बूट काढ."

मोजा टाचेशी लाल झाला होता. आई कुंपणावरून वाकून बघत होती, बोटाला चिकटपट्टी, ब्लाउजला अजून दोन टाचण्या.

मॅडमनी फॉर्म पुढे केला. क्रीडाशाळेच्या गणवेशासाठी छातीचं माप, कमरेचं माप, बाहीची लांबी, आणि बुटांसाठी पायाची लांबी. टिटवीने पेन हातात घेतलं आणि मान वळवली.

"दोनशे अडतीस," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, कुणी ऐकत नाहीसं बघून, "बाह्या तेवढ्या थोड्या लांब सांग."