चौथ्या ओळीवरची खूण

मला यादीशिवाय दिवस सुरू करता येत नाही. लग्न होऊन या शेतावर आले तेव्हापासून पहाटे पाचला चहा, जुन्या कॅलेंडरचं उलटं पान आणि सुताराची जाड पेन्सिल. ती यादी फ्रिजवर चिकटवायची आणि ज्यानं काम केलं त्यानं त्या ओळीपुढे खूण करायची, असा आमच्या घरचा रिवाज. नवरा लिंडसे, मुलगा जॅरड आणि मी, तिघांचंही तेच. चौथं माणूस घरात नाही.

पण माझ्या अंगात एक खोड आहे आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला खूण करायला फार आवडतं. इतकं, की झालेलं कामही मी मुद्दाम यादीत लिहिते. 'कोंबड्या सोडल्या', मारली खूण. 'पीठ मळलं', मारली खूण. सोपं ते वर आणि अवघड ते तळाशी. लिंडसे आणि जॅरड शेतातून ओरडून सांगायचे, "झालं गं ते!" आणि मी त्यांच्या वतीनंही खूण करायची. संध्याकाळी सगळं पान खुणांनी भरलं की झोप छान लागायची. लिंडसे चिडवायचा, "ग्लेनिस, श्वास घेतला हे लिहायचं राहिलं बघ."

डिसेंबरात कापणीला तोंड लागलं की यादीत रोज एक ओळ ठरलेली असते. पिकअपवर पाण्याची टाकी आणि पंप बसवून ती गाडी शेताच्या कडेला उभी करायची, आणि त्याआधी सकाळी पंप चालू करून बघायचा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मॅली भागातलं ऊन, वाळलेला गहू आणि तापलेलं हार्वेस्टर. ठिणगी कधी पडेल सांगता येत नाही. इथली पोरं चालायला लागतात तेव्हापासून हे ऐकत असतात.

त्या मंगळवारी पंपाची ओळ चौथी होती. सहाच्या सुमारास शेडमधून मोटरचा आवाज आला. मी ओट्याशी होते. वाटलं, बघतायत पंप. पीठ लागलेल्या हातानंच पेन्सिल उचलली आणि खूण करून टाकली. कोणाला विचारलं नाही. खिडकीतून डोकावलंसुद्धा नाही.

तो आवाज हवेच्या कॉम्प्रेसरचा होता. जॅरड हार्वेस्टरवरचा भुसा उडवत होता.

थर्मास न्यायला लिंडसे आत आला. चौथ्या ओळीपुढची खूण बघून त्याला वाटलं, पोरानं पंप बघितला. मग जॅरड आला, त्याला वाटलं बापानं बघितला. दोघंही कापणीला गेले.

दुपारी दोनला हार्वेस्टरचं बेअरिंग पेटलं. जॅरड उडी मारून पिकअपकडे धावला आणि पंप सुरू करायची दोरी ओढत राहिला, ओढत राहिला. पंपानं हूं की चूं केलं नाही. आदल्या दिवशीच त्यात कचरा अडकला होता म्हणे. सकाळी कोणी एकदा दोरी ओढली असती तर कळलं असतं, दहा मिनिटांचं काम होतं. आसपासच्या शेतांवरून अकरा गाड्या आल्या, पण तोवर आगीनं कुंपण ओलांडलं होतं. पलीकडे कॉलिन नॉस्केच्या धसकटात त्याच्या पैदाशीच्या मेंढ्या चरत होत्या. एकशे साठ. त्याच्या वडिलांनी सुरू केलेला कळप होता तो.

माणूस कोणी गेलं नाही. पण संध्याकाळी कॉलिन आणि लिंडसे बंदुका घेऊन कुंपणापलीकडे गेले. भाजून तडफडणाऱ्या मुक्या जिवांना तसं ठेवता येत नाही. मी ओट्याशी उभी राहून आवाज मोजत होते. मोजता मोजता सोडून दिलं.

लिंडसे परतला तो हात न धुताच फ्रिजपाशी गेला. कागद काढून त्यानं जॅरडसमोर धरला.

"ही खूण कोणाची? माझी नाही."

जॅरडनं कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "माझीच असेल."

"असेल म्हणजे? पंप बघितलास का?"

"नाही."

"न बघता खूण केलीस?"

मी तिथेच उभी होते, तीन पावलांवर. तोंड उघडायचं होतं, एवढंच. तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मला वाटलं, दमलाय पोरगा, डोकं फिरलंय, खरंच त्याला वाटतंय आपणच केली. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

लिंडसे म्हणाला, "येत्या जूनमध्ये मी हे शेत तुझ्या हाती देणार होतो. खोट्या खुणा करणाऱ्याच्या हाती देणार नाही."

त्यानंतर सहा आठवडे बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलले. गावात बोभाटा झालाच. धान्याच्या कोठारावर गाड्यांच्या रांगेत कोणीतरी ओरडलं, "काय रे जॅरड, हँडब्रेक लावलास, की नुसती खूण केलीस?" सगळे हसले. पोरगं मान खाली घालून गाडी पुढे घेत राहिलं. क्रिकेटच्या संघात त्याचं नाव यायचं बंद झालं. कॉलिनची बायको दुकानात मला जवळ घेऊन म्हणाली, "तू नको मनाला लावून घेऊ. आईनं किती पुरं पडायचं?" चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराचं वर सांत्वन!

यादी मात्र मी रोज लिहीत होते. कोंबड्या, चर्चसाठी केक, टाकीचा नळ, कुत्र्याचं औषध. जे करायला हवं होतं ते सोडून सगळं त्यात होतं. लिहिलं असतं तर करावं लागलं असतं. रोज म्हणायचे, कापणी संपू दे. मग, नाताळ होऊ दे. मग, ऊन उतरू दे. सोपं वर, अवघड तळाशी, आणि त्याहून अवघड ते कागदावरच नाही. चाळीस वर्षांची सवय अशी कामाला आली.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी जॅरड जेवताना म्हणाला, "मला पश्चिमेकडे खाणीत काम मिळालंय. रविवारी निघतो." लिंडसेनं बटाटा कापला, खाल्ला आणि म्हणाला, "बरं." बस्स. ज्या जमिनीवर पोरगं रांगलं, ती सोडायला त्याला बापाकडून एवढा एकच शब्द मिळाला.

गुरुवारी पहाटे मी कागद घेतला. चहा गार झाला तरी पेन्सिल टेकेना. मग पहिल्याच ओळीत लिहिलं: 'पंपाची खूण मी केली, हे सांगणे.' खाली काही लिहिलं नाही. तो कागद फ्रिजवर न लावता टेबलावर ठेवला, दोन बशांच्या मधे.

दोघं आले, बसले. मी उभीच होते. म्हटलं, "ती खूण माझी होती. शेडमधून आवाज आला, मला पंप वाटला. मीच केली. आणि त्या दिवसापासून गप्प बसलेय."

लिंडसेच्या हातातला पाव तसाच राहिला. तो माझ्याकडे बघेना. जॅरडकडे वळून म्हणाला, "तू तर म्हणालास, तुझी."

"आईची खूण मला कळत नाही होय?" जॅरड हळूच म्हणाला. "शेपूट वरपर्यंत ओढते ती. माझ्या पाढ्यांच्या वहीत शेकड्यांनी आहेत. सकाळी बघितली तेव्हा वाटलं, तू पंप बघितलास आणि तिला सांगितलंस. रोज तसंच तर चालतं."

"मग त्याच दिवशी मला सांगायला काय झालं होतं तुला?" लिंडसेचा आवाज चिरकला. "मी तुला काय काय बोललो, जॅरड!"

"ते मी सांगायचं नव्हतं, बाबा."

मी विचारलं, "तुला माहीत होतं? इतके दिवस?"

त्यानं टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला आणि ती एक ओळ पुन्हा वाचली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू यादी लावून कोंबड्यांकडे गेलीस की मी येऊन वाचायचो, आई. रोज. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाटायचं, आज तरी लिहिलं असेल."

लिंडसे उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाला, "जाऊ नकोस, पोरा."

"रविवारचं तिकीट काढलंय," जॅरड म्हणाला. "हाताखाली माणसं असणारेत तिथं. मी येतो म्हणून शब्द दिलाय."

मी त्याला थांब म्हटलं नाही. तो हक्क मी रोज थोडा थोडा करून घालवला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. गाडीची किल्ली घेतली आणि तेच कॉलिनला सांगायला निघाले.