अर्ध्या दाढीचं दुकान

"मी काय आता एकाच गालाची दाढी घेऊन शाळेत जाऊ?" कवायतीचे मास्तर दुकानाच्या दारात उभे, गळ्यात फडकं, गालावर वाळलेला फेस. "तू पळालास तो पळालासच की रे."

कात्रीदादा नुकताच मागच्या संडासातून आला होता, तोंड पिवळंफटक. एरवी त्याच्यावर कुणी आवाज चढवून बघावाच. पण पोटात कळ असली की रागालासुद्धा उभं राहायला जागा उरत नाही. मुकाट्याने त्याने मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि उरलेला गाल केला. मास्तरांनी मात्र जाताना गल्लीभर दवंडी पिटली.

कात्रीदादाच्या आतड्यांना सूज यायची, जुनाच आजार. महिनोन्महिने मांजरासारखा गप्प पडून राहायचा आणि उसळला की हातातली कात्री टाकून पळायला लावायचा. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या होत्या, पण गुण यायला वेळ लागेल असं बजावलंही होतं. गिऱ्हाईक कशाला थांबतंय तोवर? मागे एकजण वैतागून अर्ध्या मिशीनिशी उठून गेला आणि बाजारभर फिरला. म्हणजे दुकानाची पाटीच चालत फिरली म्हणा ना.

बायको सरळ म्हणाली, आणखी एक गिऱ्हाईक अर्धवट उठून गेलं तर दुकान माझ्या भावाला द्यायचं, तुम्ही घरी बसा, जिवाला आराम. भावाला तिथे मोबाईलची कव्हरं विकायची होती. पण दुकानातली ती खुर्ची कात्रीदादाच्या बापाची, खालचा दांडा दाबला की कुरकुरत वर जाणारी. त्या खुर्चीमागे उभं राहण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मग धावून आली मेव्हणी. ती संमोहन शिकत होती आणि शिकलेलं कुणावर तरी करून बघायला तिचे हात शिवशिवत होते. मन शांत तर आतडी शांत, असं म्हणत तिने स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्डिंग करून दिलं. पोटात एक निवांत तळं आहे, त्यात एकही लाट नाही, वगैरे.

"तळं कुठलं, इथे धरण फुटलंय," कात्रीदादा म्हणाला. तरी डॉक्टरांना विचारून आला. त्यांनी सांगितलं, खुशाल ऐका, फक्त गोळी चुकवायची नाही.

घरी पोरं ऐकू देईनात. दुकानात कानात घालून ऐकावं तर गिऱ्हाईक काय बोलतंय ते कळायचं नाही. म्हणून पठ्ठ्याने ते सरळ स्पीकरवर लावलं.

तेवढ्यात मास्तर आले. दुसरीकडे कुणीतरी त्यांचा कान कापला होता, त्यामुळे गुर्मी जरा उतरली होती. कात्रीदादाने फेस लावला, एक गाल केला, आणि आलीच कळ. नजर ठेवायला बाकावर येऊन बसलेली बायको बघतच होती. वस्तरा खाली ठेवून तो मागे पळाला. आत बसल्या बसल्या त्याला आपल्या दुकानात कव्हरं टांगलेली दिसायला लागली.

बाहेर आला तर ओरडणं नाही की काही नाही. मास्तर खुर्चीत गाढ झोपलेले, तोंड उघडं, फेसाचा बुडबुडा मिशीवर वरखाली होतोय. बाकावरचं पुढचं गिऱ्हाईक भिंतीला टेकून घोरत होतं. स्पीकरमधून मेव्हणी हळूच सांगत होती, शरीर जड होतंय, कुठेही जायची घाई नाही.

कात्रीदादाने पुन्हा फेस लावून उरलेला गाल केला. मास्तर जागे झाले, दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज पळाला नाहीस. सुधारलास."

बायकोने हसू दाबायला तोंड फडक्यात खुपसलं. त्यावर सगळ्यांच्या दाढीचे केस होते, पण तिला त्याचं भान नव्हतं. मास्तर गेल्यावर तिने डोळे पुसत विचारलं, पण पोटाचं काय, त्याला काही गुण?

"थोडा आहे. गोळ्यांचा की तळ्याचा, ते डॉक्टरांना विचारू," कात्रीदादा म्हणाला. "तुझ्या भावाला मात्र सांग, कव्हरांना दुसरी जागा बघ. आणि स्पीकरचा आवाज जरा वाढव, नाहीतर हा बाकावरचा उठेल. बाकीचं मग बोलू, मला आता जायला हवं."