काकूंचे डोळे

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दहा वर्षांच्या चारुताने शेजारच्या मृणालिनीकाकूंचा फोटो काढला होता. तो किंचित हलला होता. संपादकांनी बजावलं, "आज स्पष्ट करून पाठव, नाहीतर दुसरा घेतो." म्हणून काकूंच्याच घरी कॉम्प्युटरवर तिने फोटो रेखीव करणारी 'शार्पन'ची पट्टी थेट टोकापर्यंत ओढली. काकूंच्या गालांवरची सुरकुती न् सुरकुती उठून दिसू लागली.

"अगं बाई! ही मी की माझ्या सासूबाई?" काकू मागून ओरडल्या. "हा छापलास तर बघ!"

चारुताचा चेहरा उतरला. काकूंचे यजमान सुमंतकाका शांतपणे तिच्याशेजारी बसले.

"कॉम्प्युटर फक्त कडा उठावदार करतो, बाळ. नथीला कडा असते, तशी सुरकुतीलाही असते. कुठली उठवायची, हे कोण ठरवणार?"

"मी?"

"मग ठरव की!"

चारुताने मूळ फोटो परत आणला. डोळे, नथ आणि पदराचा काठ तेवढा निवडून पट्टी बेताबेताने सरकवली. गालांना हातही लावला नाही. डोळे लख्ख हसू लागले.

काकू वाकून बघत राहिल्या. "गालांवरच्या सुरकुत्या पण थोड्या पुसल्यास तर..."

"नो, काकू. धिस इज परफेक्ट," चारुता म्हणाली, आणि काकांकडे न बघताच तिने फोटो संपादकांना पाठवून दिला.