अर्धा लिटर आणि वरची धार

मी अर्ध्या लिटरचं माप बोलतोय. लांब दांड्याचं, अंगावर सरकारी शिक्का असलेलं. दारव्ह्याला जमीरभाई घरच्या म्हशीचं दूध विकतात, ते माझ्यानेच मोजून.

मी काठोकाठ भरलो की पाचशे मिलिलिटर. पण गिऱ्हाइकाचं समाधान होईल तर शपथ! मारोतराव तर पातेलं मागे घेतच नाहीत. "जमीरभाई, वरचं टाका ना थोडं!" मग मला पुन्हा बुडवून एक धार सोडायची. मला तर हा अपमानच वाटतो.

यंदा त्या म्हशीचं, चांदनीचं, दूध आटत चाललं. जमीरभाई म्हणाले, "इकून टाकतो." त्यांच्या बायकोने, अल्फियाभाभींनी, अडवलं. म्हणाल्या, "सरकीची ढेप कोरडी देता, म्हून आटली. आठ दिवस भिजवून देऊन पाहू. चारा तोच, पाणी तेवढंच, बदलायची फक्त ढेप."

कोरड्या ढेपेच्या आठवड्यात रोज सकाळी सात मापं दूध विकलं गेलं होतं. ही पेंड भिजवून दिली, तरी सातच! जमीरभाईंनी गुरांच्या व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं.

"पन बादली तर भरून येते," भाभी म्हणाल्या.

"फेस असन."

मला सगळं ठाऊक होतं, पण मापाला तोंड असून बोलता कुठं येतं! बादली भरली की जमीरभाईंचा हात सैल सुटायचा. वाढलेलं दूध वरच्या धारेतच जायचं, आणि ती धार कुणी मोजतच नव्हतं.

शेवटच्या सकाळी भाभींनी मला हिसकावलं आणि विकण्याआधीच दूध मोजलं. नऊ मापं!

जमीरभाई खजील झाले. "बरं, जिंकली तू."

"अजून नाही. कोरड्या ढेपेचं दूध आपण असं कुठं मोजलं? ते बी विकायच्या आधी मोजू. व्यापाऱ्याले म्हना, पुढच्या बाजाराले ये."

कोरडी ढेप पुन्हा सुरू झाली. मोजलं, तर रोज साडेसात. म्हणजे पाऊण लिटरचा फरक! व्यापारी चहा पिऊन रिकाम्या हाताने परतला. चांदनी गोठ्यात रवंथ करत बसली होती. तिला बघून मला फार बरं वाटलं.

आता माझ्या पोटाला पोचा आलाय, लवकरच मोडीत जाईन. जाता जाता एवढंच सांगतो. वरचं हक्काने मागा, बाबांनो, खुशाल द्या. पण एखाद्याला नालायक ठरवण्याआधी, त्याचं वरचंही मोजा.