साडेचारचा फोन

क्लबात तिला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी पाडलेलं. बारा वर्षांची असताना ती पहिल्यांदा कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत बसली आणि आनंदाने अशी किंचाळली की खडकावरचे पक्षी भुर्रकन उडाले. काका म्हणाले, "हिच्या गळ्यात शिट्टी कशाला अडकवायची? गळाच भोंगा आहे!"

सोळावं सरलं तसे भोंग्याला पंखच फुटले. शाळेत वक्तृत्वात पहिली आली आणि क्लबात मदतनिसाची परीक्षा पास झाली. पाण्यात उलटी झालेली कयाक सरळ करून चाळीस सेकंदांत परत आत बसली, म्हणून परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यामुळे क्लबच्या प्रमुखांनी रविवारचा नवख्यांचा सुरक्षेचा वर्ग तिच्यावरच सोपवला. या प्रमुखांना सगळे कंडक्टर म्हणत. त्यांनी जन्मात तिकीट फाडलं नव्हतं, पण निघताना आणि परतताना माणसं दोनदा मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

शनिवारी दुपारी ती मावशीच्या शिवणाच्या दुकानात धडकली. दुकान कसलं, एक लांबट खोली होती. दारात कपड्यांच्या पिशव्या, खिडकीशी मशीन आणि भिंतीवर एक गोल फिकट डाग. तिथलं घड्याळ मावशीने वर्षभरापूर्वी उतरवलं होतं.

"मावशी, उद्याचा वर्ग मी घेणार! मी! अख्खा!"

"मग आज घसा जप," तोंडात टाचण्या धरूनच मावशी म्हणाली. "नाहीतर उद्या बेडूक बोलायचा."

"अकरा जण आहेत. लाइफ जॅकेट कसं घालायचं, वारा कसा बघायचा, गट तुटू का द्यायचा नाही, सगळं मी सांगणार. कार्डावर आठ मुद्दे आहेत." ती जराशी थांबली. "सातवा किनाऱ्यावरच्या माणसाचा आहे."

मशीनवरचा मावशीचा पाय थबकला.

"माझं नाव लिहिलंय?"

"नाही."

"मग झालं तर. वाच आणि आठव्यावर जा."

"मी खरं काय ते सांगून टाकते ना."

"खरं काय? गणवेशांचा ढीग पडला होता, मी मशीनवर होते, घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. हे घे, सुईत दोरा ओव. माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

भोंग्याने दोरा ओवला. तीन वेळा चुकला तेव्हा कुठे गेला.

खरं काय ते फक्त दोघींना माहीत होतं. काका सहल घेऊन निघाले की एक कागद मावशीकडे ठेवून जायचे. माणसं किती, कयाकींचे रंग कोणते, वाट कुठली, चारला परत. साडेचारपर्यंत आमचा फोन आला नाही तर तू बचाव पथकाला फोन करायचास. "साडेचार म्हणजे साडेचार," ते दर वेळी बजावायचे. "चार-एकतीसला केलास तर मी तुझा नवरा नाही." मावशी म्हणायची, "आधी परत तर या, मग ठरवू."

एकदा सगळे एका वाळूच्या पट्टीवर गप्पा मारत लोळले आणि फोन करायचा राहून गेला. मावशीने ठोक्याला फोन लावला. नारिंगी बोट भोंगे वाजवत आली, तर ही मंडळी आरामात बिस्किटं खात बसलेली! बोटीवरची माणसं चिडली नाहीत. उलट म्हणाली, "बाईंनी बरोबर केलं." काका तर अभिमानाने फुगले होते. भोंग्याच्या वर्गातल्या दोन मुली मात्र त्या सहलीत होत्या. मग काय, महिनाभर शाळेत एकच चिडवाचिडवी. "भोंगे, डबा संपवायला पाच मिनिटं उशीर झाला गं, मावशी बोट पाठवेल!" भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून पुढच्या सहलीच्या सकाळी तिने दुकानाच्या दारात मावशीच्या गळ्यात हात टाकले. "या वेळी अर्धा तास थांब ना गं. माझं फार हसं होतं."

"काका ओरडतील."

"त्यांना कोण सांगतंय?"

मावशीला मूल नव्हतं. या पोरीला नाही म्हणायला ती कधी शिकलीच नव्हती.

त्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला. सात कयाकी काठापासून आत ढकलल्या जायला लागल्या. काकांनी सगळ्यांना एकमेकांना धरून एक तराफा करायला लावलं, पण तेवढ्यात एक नवखा माणूस उलटला. काका पाण्यात उतरले आणि त्याला खालून ढकलून वर बसवलं. त्या झटापटीत त्यांची स्वतःची कयाक सुटून वाहत गेली आणि आतला, सगळ्यांमधला एकमेव फोनही तिच्याबरोबर गेला. इतर कुणाच्या कयाकवर चढायला जावं तर तीही उलटणार. मग ते दोन कयाकींच्या मध्ये, दोन्हीकडे हात टाकून, छातीभर गार पाण्यात लटकून राहिले. त्यातली एक कयाक भोंग्याची होती.

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. ओठ निळे पडले होते तरी हसले. "साडेचार. तुझ्या मावशीने फोन लावला बघ. आता अर्ध्या तासात बोट."

बाकी सगळ्यांच्या जिवात जीव आला. एकट्या भोंग्याला माहीत होतं की फोन लावलेला नाही. ती काहीच बोलली नाही. काका विनोद सांगत राहिले, मग नुसतेच हुं हुं करत राहिले, आणि पाचनंतर थोड्या वेळाने तेही थांबलं. बोट आली तेव्हा साडेपाच होत आले होते. लाइफ जॅकेटने काकांना बुडू दिलं नव्हतं. ते गारठ्याने गेले.

नंतर कंडक्टरांनी फोनच्या उशिराबद्दल विचारलं. भोंग्याने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "मशीनवर होते." वर्षभर गावाने तेच खरं धरलं. दुकानातली गिऱ्हाइकं कमी झाली, आणि भोंग्याची आईसुद्धा बहिणीशी बोलताना हातचं राखून बोलू लागली.

रविवारी सकाळी शेडमध्ये अकरा जण बाकांवर बसले. भोंगा काय रंगली होती म्हणून सांगू! लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळताना तिने एका लठ्ठ बेकरीवाल्याला म्हटलं, "दादा, श्वास सोडा. पाणी तुमच्या पोटाला घाबरणार नाही." सगळे खो-खो हसले. कंडक्टर मागे उभे राहून मान डोलावत होते. सहा मुद्दे कसे गेले कळलंही नाही.

मग सातवा आला. तिने कार्ड वाचलं. "किनाऱ्यावरच्या व्यक्तीने दुसरं काम करू नये. एका सहलीत ती व्यक्ती शिवणकामात गुंतली होती. फोन अर्धा तास उशिरा गेला. आपला एक माणूस गेला."

पुढच्या बाकावरची दातांची डॉक्टर म्हणाली, "कमाल आहे बाई! माणसं समुद्रात आणि ही शिवत बसली? असली व्यक्ती ठेवलीच कशी?"

दोघं-तिघं च्च्च करून हळहळले. कंडक्टरांनी खाली बघितलं.

"ती शिवत नव्हती," भोंगा म्हणाली. आवाज इतका बारीक आला की मागच्यांनी "काय?" म्हणून विचारलं. तिने घसा खाकरला. "ती शिवत नव्हती. तिला फोन उशिरा कर असं मी सांगितलं होतं. मुली मला चिडवत होत्या म्हणून. आणि काकांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की बोट उशिरा येणार आहे. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं काही केलं असतं की नाही, मला माहीत नाही. सातवा मुद्दा असा आहे, की ठरलेली वेळ कुणीही बदलायची नाही. लाडक्या माणसानेही नाही."

आठवा मुद्दा कंडक्टरांनीच घेतला.

ती तडक दुकानात गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. तिला वाटलं होतं, मावशी रडेल, मग जवळ घेईल, मग दोघी रडतील.

मावशीने शांतपणे तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"तुला हलकं वाटलं?"

"थोडं," भोंगा म्हणाली.

"बरं झालं. मी खोटं बोलले तेव्हा तुला विचारलं नव्हतं, तसं तूही मला विचारून नाही केलंस. फिटंफाट." तिने समोरच्या कापडावरून हात फिरवला. "पण पोरी, मी ते फक्त तुझ्यासाठी बोलले होते असं वाटतं का तुला?"

मावशीने कापडाची घडी घातली.

"कामात गुंतलेल्या बाईला लोक कधी ना कधी माफ करतात गं. चूक झाली, लक्ष नव्हतं, असं म्हणतात. माझं लक्ष होतं. मी मशीन बंद करून, फोन मांडीवर घेऊन घड्याळासमोर बसले होते. वारा मला इथून ऐकू येत होता. तू पंधरा वर्षांची होतीस. मला नंबर पाठ होता. आता हे सगळ्यांना कळणार."

"मावशी, मी..."

"थांब. आता बोललीच आहेस तर ऐक. मी हे कुणाला सांगितलेलं नाही." मावशीने खुर्ची भिंतीवरच्या गोल डागाकडे वळवली. "साडेचार झाले तेव्हा मी नंबर फिरवला आणि शेवटचा आकडा दाबला नाही. चार-बत्तीसला वाटलं, पोर रागावेल. चार-पस्तीसला मी दारात जाऊन आले..."

बाहेर कुणीतरी पिशवी घेऊन आलं, आत डोकावलं आणि दोघींचे चेहरे बघून निघून गेलं. भोंगा जमिनीवर बसली. तिने जन्मात पहिल्यांदा कुणाला मध्ये तोडलं नाही. मावशी एकेक मिनिट सांगत होती, आणि पाच वाजायला अजून खूप वेळ होता.