वादळ ओरिसाकडं गेलं

राघवेंद्र मास्तरांनी रेडिओचा कान पिळला, तशी खरखर थांबली आणि बातम्या सुरू झाल्या. जळकोटच्या पंचायतीत सरकारनं बसवलेला हा बॅटरीचा रेडिओ. त्यातली पुस्तकी भाषा गावाला उलगडून सांगायचं काम मास्तरांकडं.

उपसागरातलं वादळ उत्तरेला वळून ओरिसाकडं जाण्याची शक्यता होती. मात्र ते आंध्रात शिरून पश्चिमेकडं सरकण्याची शक्यताही नाकारता येत नव्हती.

"म्हंजे आपल्याकडं येतंय का न्हाय?" सरपंच हिंमतरावांनी विचारलं.

"दोन्ही होऊ शकतं."

"वा रे रेडिओ! एवढं तर माझी म्हैस बी सांगती."

सगळे खो खो हसले. मास्तरांचे कान तापले. वर्षभर गाव त्यांना 'शक्यता मास्तर' म्हणत होतं.

कडूबाई तेवढी हसली नाही. नवरा गेल्यापासून दीड एकर भुईमूग ती एकटीच करायची. वर्षाची मीठमिरची त्यावरच. शेंग भरली होती, पण भुई वाळून दगड झाली होती.

"मास्तर, पाणी येणार असंल तर थांबते. भुई मऊ झाली की शेंग सुखानं निघंल. येणार नसंल तर उद्याच काढते, न्हायतर भुई आनखी वाळून निम्म्या शेंगा मातीतच राहत्यात. पर काढून टाकल्यावर पाणी आलं तर मेले बघा. तुमी सांगाल तसं."

मास्तरांनी हिंमतरावांकडं पाहिलं. ते अजून मिशीत हसत होते.

"वादळ ओरिसाकडं गेलं," मास्तर ठणकावून म्हणाले. "खुशाल काढा."

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

कडूबाईनं दोन दिवस खुरप्यानं भुई फोडून वेल काढले आणि रानात वाळत घातले. तिसऱ्या दिवशी पूर्वेकडून आभाळ भरून आलं. तीन दिवस पाऊस हटला नाही. शेंगा काळ्या पडल्या, उरल्यासुरल्यांना कोंब फुटले.

पाऊस थांबून वापसा आल्यावर, माती कामाजोगी झाल्यावर, मास्तरांच्या रानात भुईमूग काढायला बायका लागल्या. कडूबाईही रोजानं आली. मऊ मातीतून वेल अलगद येत होते, शेंगांनी लगडलेले. मास्तर बांधावर उभे होते. त्यांना तिच्याकडं बघवेना.

तीच म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका, मास्तर. रेडिओच फसला, तुमी तरी काय करणार?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

त्यांची बायको प्रेमला पाण्याची घागर घेऊन आली. ढीग बघून हरखली.

"बरं झालं बाई थांबलो. मी मागं लागले होते, उद्याच काढू म्हणून. पण बातम्या ऐकून आले तसे हे म्हणाले, दोन दिवस थांबू, वादळाचं काही सांगता येत नाही."

कडूबाईचा हात वेलावरच राहिला. तिनं मास्तरांकडं पाहिलं.

"आमाला बी तेवढंच सांगायचं हुतं की वो," ती म्हणाली, आणि वेल उपटून ढिगावर टाकला.