ओटी भरलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. हे ऐकून तुम्ही दोन पावले मागे सरकला असाल तर शाबास! तुमच्यासारखी शहाणी मुले मला फार आवडतात. माझ्याकडे बघायचे, माझी गोष्ट ऐकायची, पण मला हात लावायचा नाही. एवढे ठरले ना? मग खुशाल पुढे बसा. नाही नाही, पुढे नको. बाजूला बसा.

माझा जन्म दूर मुंगेरच्या एका कारखान्यात झाला. माझी नळी लांबलचक आणि सरळ, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्या नव्या बहिणींना पाठीमागून तयार काडतूस घातले की झाले. माझे लाड मोठे असतात. मला सगळे तोंडातून भरवावे लागते. आधी काळी दारू, म्हणजे फटाक्यात असते तसली पूड. तिच्यावर काथ्याचा बोळा. छर्रे घालायचे असतील तर त्यावर छर्रे आणि पुन्हा बोळा. हे सगळे लांब गजाने दाबून ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटे बोंड आहे, त्यावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत शिरते आणि धडाम! आवाजाच्या बाबतीत मी मुळीच नम्र नाही. माझा बार उडाला की शेजारच्या गावातली कुत्रीसुद्धा भुंकायला लागतात.

कर्जत तालुक्यातल्या सोपानआबांनी मला नगरच्या दुकानातून घरी आणले, तेव्हा ते तरणेबांड होते. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीचा परवाना होता. भुईमुगात रानडुकरे शिरली की आबा मला खांद्यावर टाकून बांधावर यायचे आणि हवेत नुसता दारूचा बार काढायचे. डुकरे शेपट्या वर करून अशी पळायची की मला हसू आवरत नसे. मी आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही, आणि याचा मला माझ्या आवाजापेक्षाही जास्त अभिमान आहे. सकाळी लोक म्हणत, "आबा, तुमच्या बंदुकीनं रान वाचवलं बगा." आबा मिशीला पीळ देत. मला मिशी नाही, नाहीतर मीही दिला असता.

घरात माझे सर्वात जास्त लाड केले ते आबांच्या पत्नीने, बनुबाईंनी. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नांगर, कोयता, विळे यांच्यासोबत माझी पूजा होई. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळे अगदी साग्रसंगीत. आता या घराला मुलगी नव्हती, चेतन नावाचा एकच मुलगा. तेव्हा बनुबाई मलाच लेक मानायच्या. आणि लेकीची पूजा केली, तर तिची ओटी भरायला नको का? पण बंदुकीला पदर कुठला? मग बनुबाईंनी शोधून शोधून जागा काढली. दरवर्षी सगळे आवरले की त्या हळूच येत आणि माझ्या नळीच्या तोंडात चिमूटभर तांदूळ, एक हळकुंड, एखादी सुपारी सोडत. आबांना याचा पत्ताच नव्हता. पूर्वी काही बिघडत नसे, कारण बार काढण्याआधी आबा मला उलटी करून झटकत, गजाला चिंधी लावून पुसून काढत. अंधारात ओटी खाली पडे आणि सकाळी कोंबड्या तांदूळ टिपून टाकत.

मग एक संध्याकाळ आली. डुकरांनी भुईमूग पार उकरून टाकला होता. वनखात्याची परवानगी मिळाली होती, म्हणून आबांनी त्या दिवशी दारूवर छर्रेही ठासले. टोपी तेवढी बसवायची बाकी होती, इतक्यात संगमनेरहून चेतनचा फोन आला. तो तिथे दूध संघात नोकरीला आहे. "आबा, मुलगी झाली!" बस, एवढे ऐकले आणि आबांना भुईमूग दिसेना, डुकरे दिसेनात. त्यांनी मला खुंटीला टांगले, डोक्याला पटका गुंडाळला आणि जी गाडी मिळाली ती पकडून संगमनेर गाठले. घरात पहिली लेक आली होती! मलाही आनंदच झाला. फक्त मी पोटात भरलेला बार घेऊन लटकत राहिले.

पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. शेताभोवती विजेचा झटका देणारे तारेचे कुंपण आले. मला कोणी खाली काढेना. बनुबाईंची ओटी मात्र एकाही खंडेनवमीला चुकली नाही. झटकायला कोणी नाही, तेव्हा तांदळावर तांदूळ बसत गेले. त्यात सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, झाले. माझ्या नळीत त्यांनी संसार थाटला, लेकुरवाळे झाले, आणि मला ज्या गुदगुल्या होत त्या मी कोणाला सांगणार?

यंदा आबांनी मला विकायचे ठरवले. जामखेडच्या बाजूची ज्ञानेश्वरी नावाची एक शेतकरीण मला घ्यायला आली. तिच्याकडे मक्याचे रान आहे, परवाना आहे, आणि बंदूक विकत घ्यायची सरकारी मंजुरीही रीतसर झालेली. दिवाळीची सुट्टी होती. चेतन पोरीला घेऊन आला होता. पोरीचे नाव संस्कृती, यंदा पहिलीत गेलेली, पायाला भिंगरी लावलेली.

चहा झाला. आबांनी मला खुंटीवरून काढून ज्ञानेश्वरीच्या हातात दिले. तिने पहिली गोष्ट काय केली? माझे तोंड उकिरड्याकडे वळवले, जिकडे कोणी नव्हते.

"सगळे माझ्या पाठीमागं या," ती म्हणाली. मग तिने घोडा अर्धा वर चढवून अंगठ्याने दाबून पाहिला, घसरतो का ते. दस्त्याला चीर आहे का बघितली, नळीवरून बोटे फिरवली. मला वाटले, वा, ही जाणकार दिसते! आणि ती म्हणाली, "आबा, जरा गज द्या. आत काय हाय का बगू."

आबांना हे लागले. "भरल्याली बंदूक मी घरात टांगीन व्हय? पोरी, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी ही वापरलीया."

"रिकामीच हाय ओ," चेतन म्हणाला. "कवापासून नुसती भितीवर हाय."

"थांब, दावतोच तुला. नुसती टोपी वाजंल बग," म्हणत आबांनी मला तिच्या हातातून घेतले. खिशातल्या जुन्या डबीतून एक टोपी काढली आणि चाचपत बोंडावर बसवली. घोडा पूर्ण वर चढवला. मित्रांनो, मला ठाऊक होते! दारू, छर्रे, वर तांदळाचा गच्च बोळा. बार उडाला असता तर छर्रे पुढे गेले असते, नाहीतर नळी फुटून आबांचा हात गेला असता. मी ओरडले असते, पण मला ओरडता येते ते एकदाच, आणि तेच तर मला नको होते. आणि त्याच वेळी वासराच्या मागे पळत संस्कृती थेट माझ्या तोंडासमोर आली.

ज्ञानेश्वरीने एका हाताने नळी वर आभाळाकडे उचलली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा घोड्याच्या आणि टोपीच्या मध्ये घातला. आबांनी चाप ओढलाच होता; घोडा आपटून अंगठा चेमटला, पण तिने काढला नाही.

"आबा," ती हळू म्हणाली, "तुमचा शब्द खराच हाय. पन बंदुकीला शब्द कळत न्हाई. माझ्या बापाचा उजवा कान असल्याच एका रिकाम्या बंदुकीनं नेला."

आबा थांबले. कपाळाला आठ्या होत्या, पण त्यांनी हात सैल केला. बोंडावरची टोपी उतरली. चेतनने पोरीला उचलून मागे नेले आणि आबांनी मुकाट्याने गज पुढे केला.

ज्ञानेश्वरीने माझे तोंड दूर ठेवून, स्वतः बाजूला राहून गज आत सोडला. जिथे तो अडला तिथे तोंडाशी अंगठ्याने खूण धरली, गज बाहेर काढला आणि माझ्या अंगाला लावून ठेवला. गज बोंडापर्यंत पोचायला हवा होता. तो चांगला वीतभर आधीच थांबला होता. 

आणि मग बनुबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! ती माझी ओटी असंल!"

"कसली ओटी?" आबांनी विचारले.

"लेकीची भरते न्हवं का मी. दर वर्साला. तिच्या तोंडात."

चेतन आधी पोट धरून हसला. मग ज्ञानेश्वरी हसली. आबा मात्र बायकोकडे असे बघत राहिले, जणू आजच लग्न लावून घरी आणली आहे. चेतन म्हणाला, "मग काय, तांदूळच तर हायेत. द्या उडवून!"

"तांदूळ का असंना, नळी बंद हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "फुटंल. पानी आना आधी."

तिने माझ्या नळीत पाणी ओतले आणि मला भिजत ठेवले. उन्हे कलल्यावर गजाच्या टोकाला पेचदार आकडा लावून तिने एकेक गोष्ट बाहेर ओढायला सुरुवात केली. तांदळाचे गोळे निघाले, बुडालेले सोंडे निघाले. हळकुंडे निघाली तेव्हा संस्कृतीने टाळ्या वाजवल्या. सुपाऱ्या निघाल्या तेव्हा बनुबाईंनी त्या पुसून सरळ कनवटीला लावल्या. "झालं की आता," त्या म्हणाल्या.

पण ज्ञानेश्वरीने गज पुन्हा आत घालून मोजला. अजून चार बोटे कमी. तिने आणखी पाणी ओतले, आकडा फिरवला. काथ्याचा बोळा आला, आणि त्याच्या मागून पितळी परातीत छर्रे पडले. टण्, टण्, टणटण. शेवटी दारूचा काळा चिखल ओघळला. आता कोणी हसत नव्हते.

आबा परातीतला एक छर्रा चिमटीत धरून ओट्यावर बसले. म्हणाले, "मीच ठासली हुती. ही झाली त्या सांजंला. फोन आला आन् मी तसाच गेल्तो." त्यांनी संस्कृतीला ओढून मांडीवर घेतले, तिच्या केसांत तोंड घातले आणि लहान मुलासारखे रडले. ती बिचारी गोंधळून त्यांच्या मिशा पुसत राहिली.

त्यानंतर माझा थाटच झाला. गरम पाणी, कोरडे फडके, तेल. नगरच्या कारागिराने नळीत उजेड टाकून बघितले, बोंड नवे बसवले, आणि मी धडधाकट असल्याचा निर्वाळा दिला. जन्मात एवढी हलकी मी कधी नव्हते! ज्ञानेश्वरीने मला विकत घेतले. आता मी जामखेडकडच्या मक्याच्या बांधावर असते. काम झाले की रिकामी होऊन कुलपाच्या पेटीत निजते.

मागच्या महिन्यात आबा सगळ्यांना घेऊन मला भेटायला आले. मोतीबिंदू काढल्यामुळे डोळे लकलकत होते. ज्ञानेश्वरीने मला त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, "आबा, पहिला बार तुमचा. मी आत्ताच बगितली हाय, रिकामी हाय."

आबा तिच्याकडे बघून मिश्कील हसले. माझे तोंड रिकाम्या माळाकडे वळवले, सगळ्यांना पाठीमागे घेतले आणि हात पुढे करून भर शिवारात मोठ्याने म्हणाले, "लई हुशार हाईस. गज आन आधी!"

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकले, पण या वाक्याइतके गोड काही ऐकले नाही. ज्या माणसाला गज मागितल्याचा राग आला होता, तोच आता तो अभिमानाने मागत होता. तेव्हा एवढेच मागते. समोरचा कितीही मोठा, कितीही अनुभवी असो, तो "काही होत नाही" म्हणाला तरी तुम्ही पाहून घ्या. राग आला तर येऊ द्या. राग संध्याकाळपर्यंत उतरतो.

आबांनी गज घालून बघितला, मान डोलावली, बिनछर्र्यांचा बार भरला आणि चाप ओढला. धडाम! मक्यातून डुकरांची अख्खी टोळी बोंबलत पळाली. आणि आबांच्या पाठीमागे, दोन्ही कानांवर घट्ट हात धरून, संस्कृती उड्या मारत ओरडत होती, "अजून एकदा, आबा! अजून एकदा!"